जुन्या बुलेटचा कार्बोरेटर, पॉइंट आणि पीयूसी: जून ते डिसेंबरची हकिगत

जुनी बुलेट मिसिंग मारायला लागली की भेटणारा प्रत्येक माणूस एकच सांगतो, कार्बोरेटर बदलून टाक. पेट्रोल पंपावरचा पोरगा सांगतो, ऑफिसातला कलीग सांगतो, ज्याच्याकडे आयुष्यात स्कूटीशिवाय काही नव्हतं तोही सांगतो. मी बदलला नाही आणि गाडी आता नीट चालते, म्हणून काय काय केलं, कशाला किती पैसे गेले आणि कुठे नुसतं थांबावं लागलं ते लिहून ठेवतोय. कोणाची अशीच गाडी चोकवर अडकली असेल तर बघा काही उपयोग होतोय का.

गाडी सासऱ्यांची, म्हणजे आबांची. १९८८ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गियर आणि डाव्यात ब्रेक, जुना तीन अक्षरी नंबर. त्यावर मिककार्बचा व्हीएम २४ कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) आहे आणि इग्निशन पॉइंटवालं, म्हणजे करंट तोडून ठिणगी पाडणारं जुन्या पद्धतीचं. लॉकडाऊनपासून कोल्हापुरात आमच्याच पार्किंगमध्ये उभी होती. खरं तर अजून तशीच उभी राहिली असती, पण जूनमध्ये कपाट आवरताना आरसी बुक हाताला लागलं आणि बघतो तर मुदत २१ नोव्हेंबर २०२३ला संपतेय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याला गाडी चालू हवी, पीयूसी हवी, इन्शुरन्स हवा आणि इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. म्हणजे सगळं घोडं कार्बोरेटरपाशीच येऊन अडलं.

(कोणी म्हणेल व्हिंटेजमध्ये टाका. २०२१च्या नियमाप्रमाणे सरकारी व्हिंटेजला गाडी पन्नास वर्षांच्या वर लागते, आणि ती रोज वापरता येत नाही. पस्तीस वर्षांची बुलेट सरकारच्या लेखी नुसतीच जुनी.)

लक्षणं अशी होती. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल टाकलं, बॅटरी नवीन बसवली, बऱ्याच किका मारल्यावर गाडी चालू झाली पण फक्त चोकवर. चोक बंद केला की दोन-चार ठोके देऊन गप्प. चोकवर फिरवली तर सोडलेल्या रेसवर सायलेन्सरमधून फटफट फटाके, आणि अर्ध्या रेसच्या पुढे ओढच नाही. त्यात कधीकधी किक उलटी मारायची, ज्यांनी बुलेटची उलटी किक खाल्लीय त्यांना घोट्याचं वेगळं सांगायला नको.

आबांनी खुर्चीत बसूनच निदान केलं, "पाव्हणं, चोकवर चालती म्हंजे पेट्रोल कमी पडतंय तिला, न्हाईतर हवा जास्त जातीया."

आणि हे बरोबरच होतं. चोक म्हणजे जास्तीचं पेट्रोल, ते दिल्यावरच चालतेय याचा अर्थ मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पण लीन का आहे याची कारणं भरपूर असतात आणि खरी शोधाशोध तिथूनच सुरू होते.

आमच्या भागात एक जुने बुलेटवाले मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. आता नवीन काम घेत नाहीत पण शेजारी बसवून सांगतात. त्यांची एकच अट, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी चालवून बघायची, वहीत लिहायचं आणि मगच पुढची. जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) पण बदलला, प्लग पण बदलला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पण हलवलं आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर परत कुठे जायचं तेही कळत नाही. मी दोनशे पानी वही घेतली, तिचा फार उपयोग झाला.

सुरुवात टाकीपासून. कॉकची पाइप काढून बाटलीत पेट्रोल सोडलं तर आधी धार आणि मग थेंब थेंब. कॉकची जाळी गंजाच्या चिखलाने भरलेली. टाकीत मूठभर जुने नट आणि पाणी टाकून हलवली, धुतली, उन्हात वाळवली, जुलैच्या पावसात कोल्हापुरात ऊन मिळायला जवळजवळ आठवडा गेला. रबरी पाइप बाहेरून ठीक दिसत होता पण आतून चिकट झालेला. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा आणि मगच उभी करा. पाइप, फिल्टर, कॉकचं वायसर मिळून १८० रुपये. टाकीच्या झाकणाचं बारीक भोकही बघून घ्या, ते बुजलं असेल तर गाडी पाच-सात किलोमीटर झकास चालते आणि मग पेट्रोल न मिळाल्यासारखी बंद पडते, झाकण उघडलं की परत चालू.

मग कार्बोरेटर. त्याच्या तळाला पेट्रोल साठवणारी वाटी असते, तिचे स्क्रू गंजलेले, ते जोर लावून फिरवले की डोकं जातं, त्यामुळे आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं. वाटी उघडली तर तळाला हिरवट-पांढरी खरवड, वाळलेल्या खारासारखी. मेन जेट उजेडात धरला तर आरपार दिसत होतं, पायलट जेटमधून काहीच दिसेना. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं आणि आयडलिंगला इंजिन फक्त त्याच्यावर जगतं, म्हणजे चोकशिवाय न चालण्याचं पहिलं कारण तरी सापडलं. ते साफ करायला स्टीलची तार किंवा पिन घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक एकदा मोठं झालं की जेट वाया. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडे जाऊन कॉम्प्रेसरची हवा मारली, तरी निघेना म्हणून शेवटी वायरीतला तांब्याचा एकच बारीक तंतू घालून मोकळा केला. बॉडीतल्या बारीक वाटा पण विसरायच्या नाहीत, एका भोकात क्लीनर मारला की दुसरीकडून फवारा यायलाच हवा. फवारा मारताना चष्मा घाला, माझ्या डोळ्यासमोरून गेला म्हणून सांगतोय.

फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) भोक पडलेला आहे का बघायची मामांची पद्धत मला फार आवडली. गरम पाण्याच्या भांड्यात फ्लोट बुडवून धरायचा, आतली हवा तापते आणि कुठे चीर असेल तर तिथून बुडबुडे येतात. माझा ठीक निघाला. फ्लोटची सुई मात्र टोकाला झिजून कड पडलेली, ती आणि पॅकिंगचं किट २८० रुपये. बाजारात ८० रुपयांचं पण किट मिळतं, त्यातल्या जेटवर नंबर असतो पण भोक त्या नंबरचं असेलच असं नाही, म्हणून जुने ओरिजिनल जेट साफ करून तेच परत वापरले.

हे सगळं बसवल्यावर गाडी चोकशिवाय चालू राहिली. मी खूश, आबा खूश, संध्याकाळी भजी पण झाली. पण दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की गरम झाल्यावर रेस सोडली तरी इंजिन पटकन खाली येत नाही, वरच लटकून राहतं आणि मग सावकाश उतरतं. केबल अडकतेय का ते आधी बघितलं, हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून रेस बदलते का ते पण बघितलं, तसं काही नव्हतं.

"हवा घेतीय कुठनं तरी," मामा म्हणाले.

हे तपासायला गाडी आयडलिंगवर ठेवायची आणि कार्बोरेटर जिथे हेडला बसतो त्या जोडावर डब्ल्यूडी-४० चा बारीक फवारा मारायचा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा आत जातेय. माझ्या गाडीचे ठोके लगेच बदलले. (सायलेन्सरच्या गरम बेंडवर आणि प्लगजवळ मारू नका, पेट घेऊ शकतो.) कार्बोरेटर काढून त्याच्या फ्लँजवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या सपाट तोंडावर, स्टीलची पट्टी उभी धरली तर मधे उजेड दिसला. दोन नटांवर बसणारी ती फ्लँज वर्षानुवर्षं कोणीतरी कचकचून आवळलेली, त्यामुळे दोन्ही कान पुढे वाकून मधे पोकळी झालेली. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो, त्याने शंभर रुपयांत फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून दिलं आणि वर म्हणाला, हे घरी काचेवर पॉलिश पेपर ठेवून पण झालं असतं की. नवीन हायलमची पॅकिंग, नवी ओ-रिंग, आणि नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले.

रेस लटकणं निम्मं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. अर्ध्या रेसच्या पुढे ओढ नाही ती नाहीच.

इथे सप्टेंबर निम्मा उलटला होता आणि गौरी-गणपतीमुळे मामांचं गॅरेज बंद, ते गावी गेले. मधल्या काळात मी ग्रिपवर पांढरी टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या. ही युक्ती सगळ्यात कामाची आहे, कारण कार्बोरेटरचा कुठला भाग काम करतोय हे स्पीडवर नाही, रेस किती उघडलाय त्यावर ठरतं. बंद ते पाव म्हणजे पायलट जेट आणि एअर स्क्रू, पावाच्या आसपास स्लाइडचा काप, पाव ते पाऊण निडल (रेसबरोबर वरखाली होणारी सुई), आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. माझी तक्रार निम्म्या रेसला म्हणजे निडलचा इलाका. निडलच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि त्यात क्लिप बसते, क्लिप खालच्या खाचेत टाकली की निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. मी मधल्या खाचेतून एक खाली करून बघितलं, मग एक वर करून बघितलं, वहीत लिहिलं. फरक शून्य. मिसिंग तसंच, त्याच जागी.

मामा परत आल्यावर वही दाखवली तर म्हणाले, "निडल हलवून पण काय बदलत न्हाई म्हंजे ते पेट्रोलचं दुखणं न्हाई. आता करंटकडं बघ. कार्बोरेटर कुठं पळून जातोय?"

पॉइंटचं झाकण उघडलं. पॉइंटच्या एका तोंडावर उंचवटा आणि समोरच्यात खड्डा, आणि किक मारताना तिथे चांगल्या मोठ्या पिवळ्या ठिणग्या उडत होत्या. ठिणगी प्लगला हवी, पॉइंटला नाही. पॉइंटला एवढी उडते म्हणजे ती तिथे उडू न देणारा कंडेन्सर गेला. नवीन पॉइंट १५० आणि कंडेन्सर ९० रुपये. कंडेन्सर एक जास्तीचा घेऊन ठेवा कारण नव्यातलेही काही नासके निघतात, आमचा पहिला नवा गाडी गरम झाल्यावर दगा देत होता, दुसरा टिकला. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेज वापरा, हॅक्सॉ ब्लेडच्या मापावर सोडू नका.

खरी गंमत पॉइंटच्या प्लेटखाली होती. तिथे अॅडव्हान्सची वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात, इंजिनचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी थोडी लवकर पडते, वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते. पॉइंट उघडणारा कॅम बोटांनी पिळून सोडला तर टपकन मागे यायला हवा. आमचा पिळल्यावर तिथेच थांबला. ग्रीस वाळून मेण झालेलं. म्हणजे रेस सोडली तरी टायमिंग पुढेच राहायचं, इंजिन वरच फिरत बसायचं, आणि त्याच अवस्थेत बंद पडली की पुढची किक उलटी. फ्लँजची हवा आणि हे चिकटलेलं अॅडव्हान्स, दोन वेगळ्या दुखण्यांचं लक्षण एकच, म्हणून आधी निम्माच फरक पडला होता. रॉकेल मिळालं नाही, पेट्रोलने धुऊन हलक्या तेलाचा एक थेंब सोडला. मला विचाराल तर या एका गोष्टीने कितीतरी लोकांनी फुकट नवीन कार्बोरेटर विकत घेतले असणार.

मग टायमिंग. प्लग काढून पिस्टन कॉम्प्रेशनला टॉपवर आणला, तिथून किंचित मागे घेतला, मिलिमीटरपेक्षाही कमी. पानपट्टीवरून सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद आणला, तो पॉइंटमध्ये अडकवून हलकेच ओढत प्लेट फिरवायची, ज्या क्षणी कागद सुटतो त्या क्षणी पॉइंट उघडला. तिथे प्लेट आवळायची. आवळताना ती हमखास सरकते, परत कागद, परत आवळणं, त्यात एक रविवारची दुपार गेली. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची मोकळीक) त्याच दिवशी थंड इंजिनवर बघितले, पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरायला हवा पण वरखाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा आवळून बसलेला होता, तो सैल केला.

आणि गाडी बदलली. चोक बंद, रेस लटकत नाही, अर्ध्या रेसला जी जागा मेली होती तिथून आता ओढ यायला लागली.

आता कुठे कार्बोरेटरचं ट्यूनिंग. इंजिन चांगलं गरम करून घ्यायचं, एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत लावून दीड आटे बाहेर, मग आयडलिंगचा स्क्रू. व्हीएममध्ये एअर स्क्रू हवेचा आहे, आत फिरवला की हवा कमी म्हणजे मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), बाहेर काढला की लीन. पाव-पाव आटा फिरवत जिथे ठोके सगळ्यात भरभर आणि एकसारखे पडतात तिथे थांबायचं, मग आयडलिंग खाली आणायचं. आबांना आयडलिंग इतकं सावकाश हवं असतं की दोन ठोक्यांत माणूस चहाचा घोट घेईल. त्यांच्या हट्टाखातर थोडं रिच आणि खालीच ठेवलं.

प्लगचा रंग बघायला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गगनबावड्याच्या रस्त्याला गेलो. नवीन प्लग घालून, पाऊण रेसवर मोकळा सरळ पट्टा चालवून, तिथेच क्लच दाबून चावी बंद करायची आणि प्लग उघडायचा. आयडलिंगवर गाडी घरी आणून प्लग बघण्यात अर्थ नाही, मग आयडलिंगचाच रंग दिसतो. मागचापुढचा आरशात बघून करा, मी दर वेळी शेतातल्या वाटेच्या तोंडाशी थांबत होतो, तेवढ्यात एका काकांनी ट्रॅक्टर थांबवून पेट्रोल हवंय का विचारलं. प्लग पांढरट निघाला म्हणजे वरच्या रेसला लीन. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, ६० रुपये, आणि मग बिस्किटी रंग आला. मुद्दाम हलकासा रिचकडेच ठेवलाय कारण आम्ही वर्षातून एकदोनदा घाट उतरून कोकणात जातो, खाली हवा दाट, कोल्हापुरात काठावर असलेलं मिक्श्चर तिकडे लीन होतं आणि उन्हाळ्यात कास्ट आयर्न इंजिन तापवून घेण्यात मला रस नाही.

मग कागदं. रिन्यूअलचा अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासूनच घेतात, त्याआधी नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्स तेव्हा, म्हणजे २०२३ला, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये अधिक जीएसटी होता. पीयूसीला मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, आबांचा नंबर ऑनलाइन जोडलेलाच नव्हता, तो जोडण्यात आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळत नाही म्हणून परत कागद द्यावे लागले आणि दसरा त्यातच गेला. तुमची गाडी वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर हे काम सगळ्यात आधी करून घ्या.

पहिल्या पीयूसी सेंटरवर नळी सायलेन्सरला नुसती दाखवून पावती देत होता. मी दुसरीकडे गेलो, कारण मला आकडा हवा होता. मार्च २०००च्या आधीच्या टू-व्हीलरला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. पहिलं रीडिंग सीओ ५.८. नापास. सीओ जास्त म्हणजे मिक्श्चर रिच, आबांच्या सावकाश ठोक्यांची किंमत ती. सेंटरवाल्या पोराला म्हटलं दोन मिनिटं थांब, नळी तशीच राहू दे. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून एअर स्क्रू पाव आटा बाहेर काढला, स्क्रीनवरचा आकडा थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग उतरायला लागला, ५.१, ४.४, ३.६ला स्थिर झाला. आयडलिंग किंचित पडलं ते स्क्रूने उचललं. कानाने जे महिनाभर शोधत होतो ते समोर आकड्यात दिसत होतं, पन्नास रुपयांत. तो पोरगा पण वाकून बघत होता, म्हणाला असं कोणी करत नाही.

आरटीओत रिन्यूअलचा फॉर्म २५, फी तेव्हा (२०२३ला) १,००० रुपये होती, पर्यावरण कर पाच वर्षांचा २,००० रुपये होता, शिवाय आरसी बुक, इन्शुरन्स, पीयूसी आणि चेसीस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप. नंबरवर रंग बसला असेल तर आधीच थिनरने पुसून न्या, माझ्या पुढच्या माणसाला तेवढ्यासाठी परत पाठवलं. इन्स्पेक्शन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं असतं पण दिवाळी आली, म्हणून १७ तारखेला झालं. हॉर्न, लाइट, इंडिकेटर, नंबर. साहेबांनी चालू करायला सांगितली. अँपियर मीटरचा काटा मधे आणला, डिकॉम्प्रेसर (किक हलकी करायला इंजिनमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक जराशी खाली घेतली आणि मारली. लागली. ते गियर कुठल्या पायाला आहे ते वाकून बघत होते, सही केली. डिसेंबरच्या शेवटी आरसीचं कार्ड पोस्टाने आलं, तोपर्यंत डिजिलॉकरमध्ये नवी मुदत दिसत होती, ती पुरते.

दुरुस्तीला एकूण दोन हजारांच्या आत खर्च आला, त्यात क्लीनर आणि प्लग धरून. मामांनी पैसे घेतले नाहीत, तंबाखूची पुडी घेतली. जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिन्यांची असते, म्हणजे एप्रिलमध्ये परत नळी लागणार. एअर स्क्रूवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, आणि आबांना तो दाखवून ठेवलाय. ते म्हणतात पीयूसी झाली आता, घे की जरा आत.